वळणाची अडचण आणि तिची जागा : घरगुती यंत्रबग्गीच्या सुकाणू-यंत्रणेची ऐतिहासिक पूर्वपीठिका

गोषवारा

घरी अथवा महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तयार होणारी छोटी स्वयंचलित बग्गी कोणत्या पद्धतीने वळवावी, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ऐतिहासिक बाजू तपासली आहे. घोडागाडी, मोटारगाडी, रणगाडा, प्रयोगशाळेतील यंत्रमानव आणि चंद्र-मंगळावरील बग्ग्या यांचा क्रमाने विचार करता असे दिसते की, वळण्यातील अडचण कोणत्याही यंत्रणेने नाहीशी केलेली नाही. प्रत्येक यंत्रणेने ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेली आहे. ही जागा कधी लोखंडी सांध्यांत असते, कधी चाकाखालच्या जमिनीत, तर कधी गणितात व नियंत्रणात. म्हणून सुकाणू-यंत्रणेची निवड म्हणजे अडचण कोठे ठेवायची याची निवड होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सुकाणू-यंत्रणा, अॅकरमन भूमिती, विभेदी वेग, यंत्रमानव, तंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत स्वतः तयार केलेल्या छोट्या यंत्रबग्ग्या मोठ्या संख्येने दिसू लागल्या आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मोटारी, चाके आणि नियंत्रक पट्ट्या सहज मिळतात. विद्यार्थी हे सुटे भाग आणतात, एखाद्या फळीवर बसवतात आणि बग्गी चालू लागते. ती सरळ चालली की समाधान वाटते. खरी परीक्षा मात्र पहिल्या वळणावर होते. बग्गी वळवायची कशी, याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो आणि जो संच हाती आला त्यातील पद्धत हीच आपली पद्धत मानली जाते.

या प्रश्नाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने का पाहावे, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, आज बाजारात मिळणारी प्रत्येक वळण-पद्धती कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी विशिष्ट अडचणीवर केलेला तोडगा होती. पुढे अडचण विस्मृतीत गेली आणि तोडगा तेवढा उरला. आपल्याकडे तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकांची नावे आणि सनावळी यांच्या रूपाने शिकवला जातो. त्यामुळे ‘कोणी शोधले’ हे कळते, पण ‘अन्य मार्ग उपलब्ध असताना हाच का निवडला’ हे कळत नाही. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रश्नाला प्राधान्य दिले आहे. चाकांवर किंवा पट्ट्यांवर जमिनीवरून चालणारी वाहने एवढीच या लेखाची व्याप्ती असून पायांनी चालणारे यंत्रमानव विचारात घेतलेले नाहीत.

१. अडचणीचे स्वरूप

चाकाचा स्वभावधर्म एकच. ते आपल्या तोंडासमोरच्या दिशेने सहज गडगडते, बाजूला मात्र घसरल्याशिवाय सरकत नाही. एकाच गाडीची अनेक चाके एकाच वेळी वळत असताना कोणतेही चाक घासू नये असे वाटत असेल, तर सर्व चाकांच्या आसांच्या रेषा वाढवल्या असता त्या एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. हा बिंदू म्हणजे वळणाचे केंद्र. चार चाकांच्या गाडीत आतले चाक या केंद्राच्या जवळ आणि बाहेरचे चाक दूर असते. म्हणून पुढची दोन्ही चाके सारख्याच कोनात वळवून भागत नाही.

हे प्रत्यक्ष आकड्यांत पाहणे उपयुक्त ठरेल. पुढच्या व मागच्या आसांत २० सेंटिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांत १५ सेंटिमीटर अंतर असलेली बग्गी ५० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळवायची आहे, असे समजू. त्रिज्या मागच्या आसाच्या मध्यापासून मोजल्यास आतले पुढचे चाक सुमारे २५ अंशांत, तर बाहेरचे सुमारे १९ अंशांत वळले पाहिजे. दोहोंतील सहा अंशांचा फरक सांध्यांच्या रचनेतून साधावा लागतो. याउलट, पुढची चाके वळवायचीच नाहीत, दोनच चाकांना स्वतंत्र मोटारी द्यायच्या आणि आधाराला एक मोकळे फिरते चाक लावायचे असे ठरवले, तर त्याच वर्तुळासाठी बाहेरच्या चाकाचा वेग आतल्या चाकापेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त ठेवावा लागतो. पहिल्या पद्धतीत फरक कोनांत आहे, दुसऱ्या पद्धतीत वेगांत. फरक करण्यापासून सुटका मात्र कोणालाच नाही.

आपल्या परिचयाची बैलगाडी दुसऱ्या प्रकारात मोडते. तिची दोन्ही चाके आसावर एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात आणि तिला वेगळी सुकाणू-यंत्रणा नसते. वळणावर आतला बैल पाऊल आखडतो, बाहेरचा बैल झपाट्याने पुढे येतो आणि जुवाच्या ओढीने गाडी वळते. वळण्याची सगळी अक्कल येथे बैलजोडीत आणि गाडीवानाच्या कासऱ्यात आहे. लाकडी सांगाड्यावर तिचा भार पडत नाही.

२. घोडागाडी ते मोटारगाडी : अडचण सांध्यांत

चार चाकांच्या युरोपीय घोडागाडीत पुढचा संपूर्ण आस मध्यभागी एका खिळ्यावर फिरत असे. ही रचना सोपी होती, पण तिच्यात एक दोष होता. तीव्र वळणावर आस तिरपा झाला की पुढचे एक चाक गाडीच्या पोटाखाली येई, गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडण्याचा धोका वाढे. वैद्यकीय व्यवसायासाठी सतत बग्गीतून फिरणारे इंग्लंडमधील डॉक्टर इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आरंभीच यावर वेगळा विचार केला. आस स्थिर ठेवून दोन्ही चाके आपापल्या टोकाशी स्वतंत्रपणे वळवावीत, अशी त्यांची रचना होती. उत्क्रांतिवादाचे प्रवर्तक चार्ल्स डार्विन यांचे ते आजोबा. त्यांनी या रचनेचे पेटंट घेतले नाही.

हीच कल्पना पुढे म्युनिकचे बग्गी-कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी स्वतंत्रपणे विकसित केली. त्यांच्या वतीने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतले ते रूडॉल्फ अॅकरमन यांनी. अॅकरमन स्वतः बग्ग्यांचे आराखडे करण्यात तरबेज होते, पण लंडनमध्ये त्यांची ख्याती होती ती चित्रे व ग्रंथांचे प्रकाशक म्हणून. जगभरच्या अभियांत्रिकी पाठ्यपुस्तकांत आज ही भूमिती ‘अॅकरमन’ या नावानेच ओळखली जाते. कल्पना सुचलेला डॉक्टर आणि ती घडवणारा कारागीर बाजूला पडून कागदोपत्री अर्जदार असलेल्याचे नाव टिकावे, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात वारंवार आढळणारी गोष्ट आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही सुधारित रचना घोडागाड्यांच्या व्यवसायात सर्वत्र रुजली नाही. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. घोडे स्वतःच दांडीला वळण देत होते आणि वेग मर्यादित होता. अशा स्थितीत जास्तीचे सांधे म्हणजे जास्तीचा खर्च आणि जास्तीची झीज. चांगली यंत्रणा उपलब्ध असणे आणि तिची गरज भासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

घोडा गेला आणि वाफेचे यंत्र आले तेव्हा ही गरज उभी राहिली. आता ओढणारे जनावर पुढे नसल्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक दगड पुढच्या चाकांना व तेथून चालकाच्या हातांना हिसका देऊ लागला. मध्यभागी खिळलेल्या लांब आसाच्या एका टोकाला बसलेला धक्का मोठ्या तरफेसारखा काम करतो. टोकाशी वळणाऱ्या चाकात ही तरफ अगदी आखूड होते. फ्रान्समधील ल मां येथील आमेदे बोले यांनी १८७३ मध्ये बांधलेल्या बारा आसनी वाफेच्या गाडीत पुढची चाके स्वतंत्रपणे वळत. त्यांनी गाडीला दिलेल्या नावाचा अर्थच मुळी ‘आज्ञाधारक’ असा होता. सांगितले तसे वळणे हाच तिचा मोठा गुण, असे बनवणाऱ्यालाही वाटत होते, याचा हा पुरावा मानता येईल. पुढे शार्ल जांतो यांनी १८७८ च्या सुमारास सांध्यांचे दांडे तिरपे ठेवून आतल्या-बाहेरच्या कोनांतील फरक साधण्याची भूमिती मांडली. त्या आकृतीला आजही त्यांचेच नाव आहे.

कार्ल बेंझ यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. १८८६ मध्ये पेटंट मिळालेल्या त्यांच्या मोटारगाडीला तीनच चाके होती. पुढे एकच चाक असले की दोन कोनांचा मेळ घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चार चाकांच्या सुकाणूचे समाधानकारक उत्तर हाती नव्हते म्हणून त्यांनी तो प्रश्न तात्पुरता टाळला आणि इंजिनावर लक्ष केंद्रित केले. टोकाशी वळणाऱ्या चाकांच्या सुकाणूचे पेटंट त्यांनी १८९३ मध्ये घेतले आणि मग चार चाकांची गाडी बाजारात आणली. आपल्या शहरांतील ऑटोरिक्षा आजही बेंझ यांच्या पहिल्या निवडीवर चालते. स्वस्त, हलकी आणि चिंचोळ्या गल्लीत वळणारी अशी ही रचना आहे. वेगात घेतलेल्या वळणावर तिचा आधार त्रिकोणी असल्यामुळे ती कलंडू शकते, हे तिचे मोल.

३. रणगाडा : अडचण जमिनीत आणि माणसांत

चिखल, खंदक आणि काटेरी तारा यांच्यात कोनांची भूमिती निरुपयोगी ठरते. पहिल्या महायुद्धात १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या रणक्षेत्रात प्रथम उतरलेला ब्रिटिश ‘मार्क १’ रणगाडा दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टे असलेला होता. पट्टा वळत नाही. एका बाजूचा पट्टा मंद करायचा किंवा थांबवायचा, दुसरा चालू ठेवायचा आणि संपूर्ण वाहन जमिनीवर घासत फिरवायचे, हाच येथे मार्ग असतो. सौम्य वळणांसाठी मागे शेपटीसारखी दोन सुकाणू-चाके जोडलेली होती. प्रत्यक्ष रणांगणात ती कुचकामी ठरली आणि लवकरच काढून टाकण्यात आली.

सांधे काढले म्हणून अडचण गेली नाही. आठ जणांच्या तुकडीतील चौघे जण केवळ रणगाडा चालवण्यात आणि वळवण्यात गुंतलेले असत. चालक, ब्रेक सांभाळणारा नायक आणि प्रत्येक पट्ट्याच्या गिअरसाठी एकेक सैनिक असे हे चौघे. इंजिनाच्या कर्कश आवाजात शब्द ऐकू येणे अशक्य असल्याने खुणांवर काम चाले. तीव्र वळणासाठी बहुधा थांबावेच लागे आणि शत्रूच्या तोफखान्यासमोर थांबण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १९१८ च्या ‘मार्क ५’ मध्ये वॉल्टर विल्सन यांनी तयार केलेली ग्रहमालिका-गिअरची योजना आली, तेव्हा कोठे एकटा चालक रणगाडा वळवू लागला. चार माणसांच्या अंगावर पडलेला भार पुन्हा धातूत गेला. एवढ्या स्थलांतराला लढाईची दोन वर्षे लागली.

येथे जमिनीचाही वाटा लक्षात घेतला पाहिजे. घासत वळणाऱ्या वाहनाची लांबी रुंदीच्या मानाने जितकी अधिक, तितके ते वळायला जड. ज्या विद्यार्थ्यांनी चार स्थिर चाकांची लांबट बग्गी गालिच्यावर वळवून पाहिली असेल, त्यांना मोटारींचा घुसमटलेला आवाज आणि झपाट्याने उतरणारी बॅटरी परिचित असेल. गुळगुळीत फरशीवर तीच बग्गी सहज फिरते. यंत्र तेच, जमीन बदलली.

४. घरगुती यंत्रकासव : सुकाणू हेच ज्ञानेंद्रिय

इथवर वळण ठरवणारा माणूस वाहनाच्या आतच होता. तो बाहेर गेला तेव्हा प्रश्नाला नवे परिमाण मिळाले. ब्रिस्टल येथील मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ ही दोन यंत्रकासवे तयार केली. आजच्या घरगुती यंत्रबग्गीचे हे थेट पूर्वज होत. दोन निर्वात नळ्या, दोन रिले आणि दोन मोटारी एवढेच त्यांचे भांडवल होते. मागे दोन मोकळी चाके आणि पुढे एक चाक, असा हा बेंझसारखाच तीन चाकी आराखडा. पुढचे चाक चालवायला एक मोटार व वळवायला दुसरी.

वॉल्टर यांच्या निवडीतील मर्म पुढे आहे. प्रकाश जाणणारा घटक त्यांनी पुढच्या चाकाच्या उभ्या दांडीवरच बसवला होता. त्यामुळे चाकाचे तोंड जिकडे, नजरही तिकडे. सुकाणूची मोटार चाकाला गोल गोल फिरवत राही आणि कासव चाचपडत, वळसे घेत पुढे जाई. पुरेसा प्रकाश दिसला की सुकाणू थांबे आणि कासव त्या दिशेने निघे. शोधणे आणि वळणे या दोन क्रिया एकाच सांध्यात सामावल्या. सुकाणू आधी निवडले आणि वर्तन मागाहून जोडले, असे येथे झाले नाही. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये ही कासवे प्रेक्षकांसमोर मांडली गेली तेव्हा त्यांच्या हालचालींत लोकांना जिवंतपणा जाणवला. त्यामागे या एका निवडीचा मोठा हात होता.

दोन स्वतंत्र चाकांच्या पद्धतीचा वैचारिक विस्तार पुढच्या काळात झाला. अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी विकसित केलेल्या ‘लोगो’ या संगणक-भाषेतील जमिनीवरचे कासव दोन चाकांच्या वेगफरकाने वळत असे. असे यंत्र जागच्या जागी फिरू शकते. म्हणून त्या भाषेत ‘पुढे जा’ आणि ‘उजवीकडे इतके अंश वळ’ या दोन आज्ञा एकमेकींपासून स्वतंत्र ठेवता आल्या. मोटारगाडीसारख्या सुकाणूवर ही भाषा उभीच राहिली नसती, कारण मोटारगाडीला पुढे-मागे न जाता वळता येत नाही. व्हॅलेंटिनो ब्राइटेनबेर्ग यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात अशाच दोन चाकांच्या काल्पनिक वाहनांतून भय, आक्रमकता आणि ओढ यांचे भास कसे निर्माण होतात, हे दाखवले. डावा संवेदक उजव्या चाकाला जोडला की एक वर्तन, डाव्या चाकाला जोडला की दुसरे.

या पद्धतीचा दोष मात्र जुनाच आहे. प्राचीन चीनमध्ये तिसऱ्या शतकातील मा जून या यंत्रज्ञाच्या नावाशी निगडित असलेला ‘दक्षिणदर्शक रथ’ प्रसिद्ध आहे. रथ कसाही वळला तरी त्यावरील पुतळ्याचा हात दक्षिणेकडेच राही. दोन चाकांच्या फिरण्यातील फरक दातेरी चाकांनी मोजून तेवढे पुतळ्याला उलट फिरवावे, असे त्याचे तत्त्व सांगितले जाते. यंत्रबग्गीतील नियंत्रक आज चाकांचे फेरे मोजून दिशा काढतो ते याच तत्त्वावर. पण दोन चाकांच्या व्यासांत किंवा वेगांत थोडाही फरक असेल तर चूक साठत जाते. वर घेतलेल्या १५ सेंटिमीटर रुंदीच्या बग्गीत एक चाक दुसऱ्यापेक्षा केवळ १ टक्का जलद फिरले, तरी एक मीटर अंतरात दिशा जवळपास ४ अंशांनी ढळते. पाच मीटर गेल्यावर बग्गी सरळ रेषेपासून ८० सेंटिमीटरांहून अधिक बाजूला गेलेली असते. सांध्यांतून हाकललेली अडचण येथे मोजमापात येऊन बसते.

५. एका संशोधकाच्या तीन निवडी

यंत्रणेच्या निवडीचा सर्वांत बोधप्रद दाखला हान्स मोराव्हेक यांच्या कामात सापडतो. ‘स्टॅनफर्ड कार्ट’ ही गाडी १९६० च्या सुमारास, चंद्रावरील वाहन पृथ्वीवरून चालवता येईल काय, या प्रश्नाच्या अभ्यासासाठी जेम्स अॅडम्स यांनी बांधली होती. पुढे ती संगणकीय दृष्टीच्या संशोधनाकडे आली. मोराव्हेक यांच्या हाती ती मोटारगाडीप्रमाणे पुढची चाके वळवणारी गाडी होती. १९७९ मध्ये तिने खुर्च्यांनी भरलेली एक खोली मानवी मदतीशिवाय सुमारे पाच तासांत पार केली.

अशा गाडीला बाजूला सरकता येत नाही आणि ठरावीक त्रिज्येपेक्षा लहान वळण घेता येत नाही. त्यामुळे तिचा मार्ग आखणे हे स्वतंत्र गणित होऊन बसते. केवळ पुढे जाणाऱ्या आणि वळणाची त्रिज्या मर्यादित असलेल्या गाडीचा लघुतम मार्ग कोणता, याचे उत्तर लेस्टर ड्युबिन्स यांनी १९५७ मध्ये दिले होते. मागे येण्याची मुभा दिल्यास काय होते, याचे उत्तर यायला १९९० साल उजाडले. ते रीड्स आणि शेप यांनी दिले. गाडी रस्त्याकडेला दोन गाड्यांच्या मध्ये लावताना चालक सहज जे करतो, त्यामागे एवढे गणित आहे.

या जाचातून सुटण्यासाठी मोराव्हेक यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात दुसरी रचना योजली. ‘प्लूटो’ नावाच्या या यंत्रमानवाची तिन्ही चाके स्वतंत्रपणे चालत आणि स्वतंत्रपणे वळत. कागदावर ही आदर्श यंत्रणा होती. तिला कोणत्याही दिशेने, स्वतःभोवती फिरत फिरतही जाता येणार होते. पण सर्व चाकांचे आस क्षणोक्षणी एकाच बिंदूकडे रोखलेले राहावेत यासाठी सहा मोटारींचा मेळ घालावा लागे. थोडी चूक झाली की चाके एकमेकांशी झगडू लागत. हे नियंत्रण अपेक्षेहून फार अवघड ठरले आणि संशोधनाचे मूळ उद्दिष्ट असलेली दृष्टी बाजूला राहू लागली. अखेरीस १९८४ च्या सुमारास ‘नेपच्यून’ हा साधा तीन चाकी यंत्रमानव पुढे आला. त्यात पुढचे एक चाक चालणारे व वळणारे, मागची दोन मोकळी. म्हणजे मूळ आराखडा पुन्हा ग्रे वॉल्टर यांच्या कासवाचाच.

हा माघारीचा इतिहास नाही. प्रयोग दृष्टीचा असेल तर सुकाणूने कमीत कमी लक्ष मागावे, ही जाण तीन यंत्रे बांधल्यानंतर आली. सर्व दिशांना सरकणाऱ्या यंत्रणांचा दुसरा प्रयत्न स्वीडनमधील बेंग्ट इलोन यांनी १९७० च्या दशकात केला होता. चाकाच्या परिघावर ४५ अंशांत तिरपे बसवलेले छोटे रूळ, ही त्यांची कल्पना. अशी चाके आता विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत सर्रास दिसतात. सपाट फरशीवर ती उत्तम चालतात. धूळ आणि खडबडीतपणा मात्र त्यांना मानवत नाही.

६. चंद्र आणि मंगळ : दुरुस्तीला जाता न येणारी बग्गी

निवडीची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती, जेथे यंत्र बिघडले तर कोणी हात लावू शकत नाही, तेथे. सोव्हिएत संघाची ‘लुनोखोद १’ ही ७५६ किलोग्रॅम वजनाची बग्गी नोव्हेंबर १९७० मध्ये चंद्रावर उतरली. तिच्या आठही चाकांना स्वतंत्र मोटारी होत्या आणि एकही चाक वळत नव्हते. दोन बाजूंच्या वेगांतील फरकाने ती घासत वळे. वळणारे सांधे नसल्याने चंद्रधूळ शिरून अडकेल असा एक ठिकाणा कमी झाला. भार पडला तो पृथ्वीवरील पाच जणांच्या चमूवर. काही सेकंदांनी येणाऱ्या स्थिर चित्रांवरून त्यांना अंदाज बांधावा लागे. तरीही तिने साडेदहा किलोमीटर अंतर कापले.

पुढच्याच वर्षी, जुलै १९७१ मध्ये, अमेरिकेच्या ‘अपोलो १५’ मोहिमेत अंतराळवीर स्वतः बसून चालवतील अशी बग्गी चंद्रावर गेली. तिची पुढची व मागची अशी दोन्ही चाकजोड्या अॅकरमन भूमितीनुसार वळत आणि दोहोंना स्वतंत्र मोटारी होत्या. वळणाची त्रिज्या त्यामुळे सुमारे ३ मीटर एवढी लहान झाली. या दुहेरी रचनेचा खरा लाभ मात्र वेगळाच ठरला. पहिल्या फेरीच्या आरंभीच पुढचे सुकाणू चालेना. डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन यांनी ती संपूर्ण फेरी केवळ मागच्या सुकाणूवर पार पाडली. दुसऱ्या दिवशी पुढचे सुकाणू पुन्हा चालू लागले. एकच सुकाणू असते तर मोहिमेतील भूशास्त्रीय निरीक्षणांचा मोठा भाग पायी चालण्याच्या मर्यादेत राहिला असता.

मंगळावर १९९७ मध्ये उतरलेल्या ‘सोजर्नर’पासून सहा चालती चाके आणि त्यांपैकी कोपऱ्यांतील चार वळती, म्हणजे एकूण दहा मोटारी, ही रचना रूढ झाली. जानेवारी २००४ मध्ये उतरलेल्या ‘ऑपॉर्च्युनिटी’तही हीच होती. एप्रिल २००५ मध्ये तिच्या उजव्या पुढच्या चाकाचे सुकाणू किंचित तिरपे होऊन अडकले. ते पुन्हा हलले नाही. उरलेल्या तीन सुकाणूंवर ती बारा वर्षे चालली. जून २०१७ मध्ये डावे पुढचे चाकही बाहेरच्या बाजूला वळलेल्या स्थितीत अडकले. प्रयत्नांती ते सरळ झाले, पण पुन्हा वळवण्याचा धोका पत्करायचा नाही असे ठरले. त्यानंतर मागची चाके वळवून आणि रणगाड्याप्रमाणे दोन बाजूंच्या वेगफरकाने ती चालवण्यात आली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेल्या या बग्गीने २०१८ पर्यंत ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. कोनांची यंत्रणा थकली तेव्हा वेगांची यंत्रणा मदतीला आली.

भारताच्या ‘प्रज्ञान’ने २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या ‘विक्रम’मधून बाहेर येऊन जो मार्ग आखला, तो लुनोखोदच्या परंपरेतला होता. २६ किलोग्रॅम वजनाच्या या बग्गीला सहा चाके व सहा मोटारी होत्या. वळण्यासाठी वेगळी मोटार एकही नव्हती. तिचा वेग सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर आणि नियोजित आयुष्य एका चांद्रदिवसाचे, म्हणजे पृथ्वीवरील चौदा दिवसांचे होते. एवढ्या मर्यादित प्रवासात घासत वळण्याने होणारी झीज सोसता येते, पण चार मोटारींचे वजन सोसता येत नाही, असा विचार या निवडीमागे असावा असे अनुमान करता येते. २७ ऑगस्टला समोर चार मीटर व्यासाचे विवर दिसले तेव्हा तिला आल्या वाटेने मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली आणि ती नव्या मार्गाला लागली. दहा मोटारींची बग्गी श्रेष्ठ आणि सहा मोटारींची कनिष्ठ, अशी प्रतवारी येथे लावता येत नाही. दोन्ही आपापल्या प्रश्नाची योग्य उत्तरे आहेत.

७. निवडीचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे घरगुती यंत्रबग्गीसाठी काही निकष मांडता येतील. पहिला निकष जमिनीचा. फरशीवर किंवा टेबलावर चालणाऱ्या बग्गीला दोन मोटारी आणि एक मोकळे चाक पुरते. खडबडीत अंगणात मोकळे चाक खड्ड्यात अडकते. तेथे चार किंवा सहा चालती चाके व घासत वळणे बरे, मात्र बग्गी आखूड आणि रुंद हवी. दुसरा निकष वेगाचा. वेगाने सरळ धावणारी बग्गी हवी असेल तर मोटारगाडीचे सुकाणू चांगले, कारण चाके सरळ ठेवली की ती बऱ्याच अंशी सरळच जाते. दोन मोटारींच्या बग्गीला सरळ ठेवण्यासाठी वेगांची सतत तुलना करावी लागते. तिसरा निकष जागेचा. अरुंद खोलीत जागच्या जागी फिरता येणे मोलाचे असते. २००२ मध्ये बाजारात आलेल्या ‘रूम्बा’ या घरझाडू यंत्राने दोन चाकांची पद्धत घेतली ती याचसाठी. चौथा आणि बहुधा दुर्लक्षित निकष म्हणजे करणाऱ्याचे कौशल्य. ज्याचा हात पाना-कानशीवर बसलेला आहे त्याने अडचण सांध्यांत ठेवावी. ज्याला आज्ञावली लिहिण्यात गोडी आहे त्याने ती नियंत्रणात ठेवावी. ज्याला मूळ प्रयोग दृष्टीचा किंवा संवेदकांचा करायचा आहे, त्याने तीन चाकांची साधी गाडी घेऊन ती शक्य तितकी लपवावी.

निष्कर्ष

सुकाणू-यंत्रणेचा इतिहास साध्या यंत्राकडून गुंतागुंतीच्या यंत्राकडे जाणारी सरळ रेषा नाही. १८१८ चे पेटंट अनेक दशके फारसे वापरात आले नाही, मोराव्हेक सहा मोटारींवरून दोन मोटारींवर आले आणि २०२३ च्या भारतीय बग्गीने १९७० चे तत्त्व पुन्हा स्वीकारले. या सर्व उदाहरणांतून दिसते ते एवढेच की, वळण्याची अडचण सांधे, जमीन, गणित आणि माणूस यांच्यात फिरत राहते. यशस्वी ठरले ते लोक, ज्यांनी ती आपल्याला पेलेल अशा जागी जाणीवपूर्वक ठेवली. ती नकळत भलत्या जागी पडली तेव्हा तिची किंमत कधी रणगाड्यातील सैनिकांनी मोजली, तर कधी संशोधनाच्या वाया गेलेल्या वर्षांनी.

याचा शैक्षणिक अन्वयार्थही आहे. प्रदर्शनातील बग्गीचे परीक्षण करताना ती किती वेगाने धावली याच्या जोडीला, हीच पद्धत का निवडली आणि कोणती पद्धत नाकारली, असेही विद्यार्थ्याला विचारले जावे. त्या उत्तरात भौतिकशास्त्र असेल, अर्थकारण असेल आणि इतिहासही असेल. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या विभागांनी एकत्र येऊन शिकवावे असे विषय शोधायला फार दूर जावे लागत नाही. एखाद्या फळीवर बसवलेली दोन-चार चाकेही त्यासाठी पुरेशी आहेत.